जाखडीची गाणी आणि समुद्राचे आवाज: सुपरकोलायडर शिकू की रीपर?

पडवीतली_पेटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून लिहिते.

मी गुहागरजवळच्या गावातली, पेटी वाजवते, आणि कॉलेजात असताना पायथन शिकले होते तेव्हा कोडिंगची भीती नाही. दोन कामं डोक्यात आहेत. पहिलं म्हणजे भावाचं वाडीतलं जाखडीचं मंडळ आहे, गणपतीत घरोघरी नाचतात, गाणी त्यांची स्वतःची रचलेली. यंदा त्यांना ती नीट रेकॉर्ड करून हवी आहेत म्हणजे मुंबईतली पोरं गावी यायच्या आधीच मोबाईलवर ऐकून पाठ करतील. ढोलकी, मृदंग, घुंगरू, झांज, पेटी आणि गाणारे. दुसरं काम माझं स्वतःचं आहे. समुद्र, कौलांवरचा पाऊस, तानपुरा असल्या आवाजांतून लांब चालणारं काहीतरी करायचंय ज्यात कदाचित ठेकाच नसेल, आवाज हळूहळू बदलत जाईल.

आता वाचायला बसले तर निम्मे लोक म्हणतात सुपरकोलायडर किंवा सीसाउंड (कोड लिहून आवाज काढायचे प्रोग्राम) शीक, तुला कोडिंग येतं तर आवाज मुळापासून स्वतः बनव, बाकी सगळं तयार माल आहे. आणि निम्मे म्हणतात एफएल स्टुडिओ किंवा रीपर घे, गाणं पूर्ण करायचं असेल तर सिक्वेन्सरशिवाय, म्हणजे स्वर आणि रेकॉर्डिंग ओळीने मांडून गाणं जुळवायच्या असल्या सॉफ्टवेअरशिवाय, पर्याय नाही. लॅपटॉप जुना आहे, आय थ्री, चार जीबी रॅम, विंडोज. यूएसबी माइक आहे, मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायच्या पट्ट्या) नाही. पावसात लाईटचा भरवसा नाही हे वेगळं सांगायला नको. दोन्हीत एकदम हात घालायला वेळ नाही, आधी कशावर बसू ते सांगा. आणि नुसतं "दोन्ही चांगले आहेत" असं नको प्लीज.

काळी_चार

मी कणकवलीकडचा, भजनात पखवाज वाजवतो आणि आमच्या बुवांची रेकॉर्डिंगं मीच करतो, तेव्हा पहिल्या कामाबद्दल अगदी ठामपणे सांगतो, रीपर. यात विचार करण्यासारखं काही नाही. जाखडीत वाजवणारी माणसं जिवंत आहेत, ती समोर बसणार, तुला त्यांचं वाजवणं पकडायचंय, कापायचंय, जुळवायचंय, आवाज वरखाली करायचाय आणि फाइल बाहेर काढायचीय. हे सगळं टाइमलाइनवरचं काम आहे. सुपरकोलायडरमध्ये पण रेकॉर्डिंग होतं पण तिसऱ्या कडव्यात झांज जरा उशिरा पडली ती उचलून पुढे सरकवायची तर तिथे ते डोळ्याला दिसतच नाही, रीपरमध्ये माउसने ओढलं की झालं.

एफएल वाईट नाही, ठेके रचायला तर फार पटकन हात बसतो त्यात, पण त्याच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही आणि तुझ्यासारखी लाईटची परिस्थिती असेल तर हे भारी पडतं, एकदा बंद झालं की संपलं. एलएमएमएस हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे पण त्याच्या १.२ मध्ये माइकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही, म्हणजे तुझ्या कामाला ते कटच. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, काहीही अडवून ठेवत नाही, नंतर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. इन्स्टॉलर लहान आहे, मोबाईल डेटावर पण उतरतो, आणि चार जीबीवर आरामात पळतं.

आता खरी गोष्ट लयीची. जाखडी असो नाहीतर आमची डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), लय एका जागी राहत नाही, चढत जाते आणि चढायलाच पाहिजे, तीच तर मजा आहे. सॉफ्टवेअर उघडलं की ते मिनिटाला १२० मात्रांची ठोकळा टक टक, म्हणजे क्लिक, देतं आणि नवीन माणूस वाजवणाऱ्यांच्या कानात तो क्लिक घालतो. अजिबात घालू नकोस. ढोलकीवाल्याला त्याच्या लयीत वाजवू दे, क्लिक बंद, सरळ रेकॉर्ड कर. नंतर हवं तर रीपरमध्ये टेम्पो मार्कर (इथून लय एवढी अशी खूण) टाकून ग्रिड, म्हणजे मात्रांच्या उभ्या रेघा, त्याच्या समेवर बसव, दोन मार्करांमध्ये लय हळूहळू बदलते असं सुद्धा सांगता येतं, म्हणजे समजा ९० पासून १४० पर्यंत चढली तर ग्रिड पण तसाच आवळत जातो. सॉफ्टवेअरने माणसाच्या मागून चालायचं.

रेकॉर्डिंग माजघरात कर, पडवीत नको, पडवीत पाऊस आणि रातकिडे दोन्ही येतात. भिंतीला गोधड्या लाव. ढोलकीच्या शाईच्या बाजूला माइक अगदी चिकटवू नकोस, दीड-दोन फूट लांब ठेव, नाहीतर नुसती चाट ऐकू येते आणि डाव्या बाजूचा घूं गायब. आणि पावसात कातडं उतरतं, दर गाण्याआधी पेटीच्या सुराशी मिळवून घ्यायला लाव, कारण एक गाणं सकाळी आणि एक संध्याकाळी रेकॉर्ड केलं तर दोन्हीत ढोलकी वेगळी बोलते आणि जोडायला गेलं की कानाला टोचतं.

मालवणी_गजाल

वरचा बरोबर आसा. तुका काय व्हया ता आधी ठरव, मगे सॉफ्टवेअर. गणपती जवळ इले, पयली भावाची गाणी कर. आणि एक, ब्लूटूथ हेडफोन वापरू नकोस, आवाज मागाहून येता, ताल धरूकच गावना नाय. वायरवालो साधो घे.

लाट_आणि_फिल्टर

रत्नागिरीहून. काळी_चार यांनी पहिल्या कामाबद्दल लिहिलं त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण प्रश्न वाचताना मला असं दिसतं की ज्या गोष्टीबद्दल तुम्ही मनापासून लिहिलंय ती दुसरी आहे, आणि तिच्यासाठी रीपर उघडून बसलात तर महिनाभरात कंटाळा येईल, कारण तिथे तुम्हाला आधी एखादी क्लिप लागते, ती आणून ठेवायला. तुमच्याकडे क्लिप नाही, तुमच्याकडे एक आवाज आहे जो बदलत जायला हवा.

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण हा फरक सॉफ्टवेअरच्या रंगरूपाचा नाही, जन्माचा आहे. मिडी ही वाद्यं आणि संगणक यांची ठरलेली भाषा, १९८३ मध्ये आली ती वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांना जोडायला. म्हणून त्याच्या लेखी संगीत म्हणजे कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्ट्या १२८, जोर ० ते १२७. सगळे सिक्वेन्सर याच विचारावर उभे आहेत, त्यांच्यातली स्वर मांडायची खिडकी, पियानो रोल, म्हणजे आडवी टाकलेली पेटीच. पेटीवाल्या माणसाला ते लगेच कळतं, तुम्हालाही कळेल. दुसरी शाखा त्याहून जुनी आहे. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी म्युझिक नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याच घराण्यातून पुढे एमआयटीत बॅरी व्हर्को यांचं सीसाउंड आलं, १९८६ च्या सुमाराला, आणि १९९६ मध्ये जेम्स मॅकार्टनी यांचं सुपरकोलायडर, जे २००२ पासून सगळ्यांना मोफत आणि खुलं आहे. या शाखेत पट्टी हा मुद्दाच नाही. आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे, आणि ते आकडे कसे निघायचे ते तुम्ही लिहायचं.

समुद्राचंच बघा. सुपरकोलायडरमध्ये पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेली खरखर) घ्यायचा, त्याला लो पास फिल्टर (ठराविक मर्यादेच्या वरचे सूर कापणारा) लावायचा, आणि फिल्टरची मर्यादा साधारण ३०० ते २००० हर्ट्झच्या मध्ये हळूहळू फिरवत ठेवायची. लगेच वाऱ्यासारखं काहीतरी येतं पण लाट येत नाही. कारण लाटेचा चढ आणि उतार सारखा नसतो. रात्री किनाऱ्यावर बसून नुसतं ऐका, घुमत घुमत वर येते त्याला वेळ लागतो, फुटते एकदम, आणि मग परत जाताना वाळूवर जो सुस्स आवाज होतो तो सगळ्यात लांब आणि सगळ्यात बारीक. म्हणजे एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराचा आकार) तीन तुकड्यांचा, चढ चारेक सेकंद, फुटणं अर्धा सेकंद, परतीचं पाणी पाच-सहा सेकंद, आणि त्या शेवटच्या तुकड्यात खालचे सूर कापून वरचे उघडायचे. अशा दोन-तीन लाटा थोड्या वेगळ्या वेळेला सोडल्या की एकही मिनिट परत तेच वाजत नाही. रेकॉर्ड केलेली क्लिप लूपवर टाकली तर कान ते तिसऱ्या फेरीला पकडतो.

कौलांवरचा पाऊस त्याहून सोपा. डस्ट नावाचं एक युनिट आहे ते अनियमित वेळेला एकेक ठिणगी सोडतं, सेकंदाला सरासरी किती ते तुम्ही सांगायचं. ती ठिणगी एखाद्या रेझोनेटरमधून, म्हणजे ठराविक सुरात घुमणाऱ्या फिल्टरमधून, काढली की टप, आणि संख्या दोनशेवर नेली की धो धो. पागोळीचं पाणी हवं असेल तर दुसरा डस्ट, कमी संख्येचा, जाड सुराचा. हे लिहून ऐकताना जो आनंद होतो तो मला कुठल्याच तयार प्लगइनने दिलेला नाही.

एक सूचना मात्र कळकळीची. आकडे चुकले तर आवाज कान फाडेल इतका मोठा येऊ शकतो, म्हणून नवीन कोड पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानावर नको, गळ्यात ठेवा, शेवटी लिमिटर (आवाज मर्यादेच्या वर जाऊ न देणारा) लावा, आणि कंट्रोल व पूर्णविराम ही दोन बटणं एकत्र दाबली की सगळं थांबतं हे सगळ्यात आधी शिका.

पडवीतली_पेटी

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी, वाळूवरचा सुस्स वाचल्यावर काल रात्री मुद्दाम खाली किनाऱ्यावर जाऊन ऐकून आले, अगदी तसाच आहे.

एक शंका मधेच. तानपुऱ्याबरोबर पेटी वाजवली की गंधार मला कायम थोडा चढा लागतो, गुरुजी पण म्हणायचे पेटीचा गंधार असाच असतो. आता रीपरमधल्या सिंथवर, म्हणजे संगणकातल्या वाद्यावर, तानपुरा आणि वर स्वर लावले तर तोच त्रास होणार ना? सिक्वेन्सरमध्ये गंधार खाली आणता येतो का, की ते फक्त कोडिंगमध्ये जमतं?

लाट_आणि_फिल्टर

होणारच, कारण तिथेही पेटीसारखे सप्तकाचे बारा समान भागच आहेत. सा २४० हर्ट्झ धरा. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सा च्या सव्वापट, म्हणजे ३००. समान भागांचा गंधार येतो ३०२.४ च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात, तुमचा कान तेच पकडतोय, कान चांगला आहे. सेंटमध्ये (अर्धस्वराचा शंभरावा भाग) मोजलं तर ४०० च्या ऐवजी ३८६ हवा. कोडमध्ये हा प्रश्नच येत नाही, २४० गुणिले ५ भागिले ४ लिहायचं, संपलं.

काळी_चार

सिक्वेन्सरमध्ये पण जमतं, फक्त आडवळणाने. मिडीत पिच बेंड (सूर थोडा वर-खाली सरकवणारा आकडा) असतो, ० ते १६,३८३, मधली किंमत ८१९२. बहुतेक सिंथ बेंडला दोन अर्धस्वर वर-खाली अशी मर्यादा देतात, मग गंधारासाठी मधल्या किमतीतून साधारण ५६० वजा करायचे. अडचण अशी की बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, म्हणजे त्याच वेळी सा धरून ठेवला असेल तर तो पण खाली घसरतो. म्हणून सा एका ट्रॅकवर, गंधार दुसऱ्यावर. एमपीई नावाची पद्धत आली आहे २०१८ पासून, तिच्यात प्रत्येक स्वराला वेगळा चॅनल मिळतो, पण सिंथला ती यायला हवी. मींड काढायची तर बेंडची रेघ हाताने काढत बसावं लागतं आणि खरं सांगायचं तर अर्ध्या तासात वैताग येतो. मी असल्या वेळी सरळ माणसाकडून गाऊन घेतो.

आणि जाखडीच्या गाण्यात ही चिंता नको करूस. तिथे खरी पेटी वाजणार आहे, गाणारे पेटीलाच धरून गातात, वर्षानुवर्षं तेच कानात बसलंय. तिथे गंधार ३०० वर आणायला गेलीस तर पेटीशीच भांडण होईल.

दापोलीचा_मास्तर

मी शाळेत मुलांना संगणक शिकवतो, आमच्याकडे सोनिक पाय, कोड लिहून संगीत वाजवायचा प्रोग्राम, वापरतो, त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. सॅम ॲरन यांनी केंब्रिजमध्ये असताना केलंय, शाळेतल्या मुलांसाठीच सुरू केलेलं, मोफत आहे. आत आवाज काढणारं इंजिन सुपरकोलायडरचंच, पण लिहायची भाषा फार सोपी. पायथन येत असेल तर तासाभरात वाजायला लागेल. प्ले ६० (६० हा मिडीतला पट्टीचा क्रमांक) लिहिलं की पांढरी एक, प्ले ६४ लिहिलं की तिचा गंधार, आणि वर जो गंधाराचा विषय निघालाय त्याला प्ले ६३.८६ लिहायचं, दशांश चालतो. मुलांना मी दोन्ही गंधार सा बरोबर पाठोपाठ ऐकवतो, वर्गात शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणतंच की दुसऱ्यात आवाज स्थिर झाला.

ताल तर त्यात बघण्यासारखा. त्याच्यासोबत जे नमुने येतात त्यात तबल्याचे बोल पण आहेत, ना, घे, ते, के वगैरे. केरवा लिहायचा, धा गे ना ती न क धि न, आठ घरांची यादी करायची, धा साठी ना आणि घे एकत्र वाजवायचे, प्रत्येक घरानंतर स्लीप अर्धा, म्हणजे अर्धी मात्रा थांब. मग लाइव्ह लूपमध्ये (सतत फिरत राहणारा कोडचा तुकडा) टाकलं की वाजत राहतं आणि वाजत असतानाच कोडमध्ये बदल करता येतो, पुढच्या आवर्तनाला बदल लागू. लय चढवायची असेल तर दर आवर्तनाला बीपीएममध्ये (मिनिटाला किती मात्रा) दोन मिळवायचे, एक ओळ. रूपक करायचा तर यादीत सात घरं ठेवायची, तीन दोन दोन, सॉफ्टवेअरला सातचं वावडं नाही. सिक्वेन्सर उघडला की समोर सोळा चौकोन असतात आणि ते बदलता येतात हे माहीत असूनही मुलं सोळातच अडकतात, हे मी बघत आलोय.

माझं मत असं की सुपरकोलायडर थेट सुरू करण्याआधी यांनी हे करावं.

काळी_चार

मास्तर, सोनिक पाय मुलांसाठी छानच आहे पण एक मुद्दा मला मांडायचाच आहे. दर आवर्तनाला दोन मिळवले म्हणून लय चढली असं होत नाही हो. ढोलकीवाला लय चढवतो ती नाचणाऱ्यांचे पाय बघून चढवतो, गाणाऱ्याचा दम बघून धरून ठेवतो, कधी अर्धं आवर्तन मागे खेचतो आणि मग सोडतो. ते आकड्यात घालायचं तर आधी मोजावं लागेल, आणि मोजायला रेकॉर्डिंगच करावं लागेल. म्हणून मी म्हणतो यांनी आधी रेकॉर्डिंग शिकावं. खऱ्या वाजवण्याचा ग्रिड समोर दिसला की लय म्हणजे काय ते डोळ्यांनी कळतं, मग पुढे कोड लिहितानासुद्धा तेच कामाला येईल.

लाट_आणि_फिल्टर

हा मुद्दा मला पटला आणि तो आवाजालाही लागू आहे. मृदंगाचंच सांगतो. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली तर जे सूर निघतात ते मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर नसतो. आपल्या मृदंग-तबल्याला असतो तो शाईमुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचरमध्ये यावर लिहिलं, शाईच्या वजनामुळे ते सूर सरकून एक, दोन, तीन, चार, पाच पटींवर येऊन बसतात. सुपरकोलायडरमध्ये क्लँक नावाचं रेझोनेटरचं युनिट आहे, त्याला आधी १.५९ वाले आकडे द्या, मग १ ते ५ द्या, थाप तीच ठेवा. पहिल्यात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात एकदम "ना" सारखं काहीतरी. शाई काय काम करते ते हाताने लावून बघितल्यासारखं कळतं.

पण त्याच वेळी हेही खरं की त्या कोडमधून निघालेला मृदंग मी कोणाच्या गाण्यात वापरणार नाही. शेजारच्या वाडीतला माणूस त्याहून शंभरपट चांगला वाजवतो. कोडने करायचं ते असं की जे कोणी वाजवूच शकत नाही. दहा मिनिटं चालणारी एक थाप, जिचे पाच सूर एकेक करून विरघळत जातात आणि शेवटी त्यातून समुद्र निघतो. तुमच्या दुसऱ्या कामात मला असलं काहीतरी ऐकू येतंय.

पडवीतली_पेटी

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, मला नेमकं तेच करायचंय फक्त शब्दात सांगता येत नव्हतं.

तर मी असं ठरवतेय. गणपतीपर्यंत फक्त रीपर, मंडळाची गाणी, दुसरं काही उघडणार नाही. गणपती गेले की सोनिक पायवर थोडे दिवस आणि मग सुपरकोलायडर. मास्तर तुमचं क्रमात मागे टाकलं म्हणून राग मानू नका, ६३.८६ मी आजच वाजवून बघणार आहे तेवढं तर होतंच. आता दोन लहान प्रश्न. सुपरकोलायडरमध्ये बनवलेली लाट पुढे रीपरमध्ये आणून पेटीखाली लावता येईल का? आणि गाणी मोबाईलच्या स्पीकरवरच ऐकली जाणार आहेत, तिथे मृदंगाची डावी बाजू ऐकूच येत नाही, आत्ताच भावाने पाठवलेल्या जुन्या क्लिपमध्ये नुसती टक टक येते, त्याला काय करायचं?

लाट_आणि_फिल्टर

पहिल्याचं उत्तर सोपं, येते. सुपरकोलायडर वेव्ह फाइल लिहून देतं, ती ओढून रीपरमध्ये टाकायची. दोन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला किती आकडे) ४८,००० ठेवा म्हणजे पुढे व्हिडिओला पण तोच चालेल. लाट निदान दहा मिनिटांची काढा, हवा तो तुकडा निवडता येतो. आणि तुम्ही कोड लिहिणाऱ्या आहात म्हणून सांगून ठेवतो, रीपरच्या आतच जेएसएफएक्स नावाची छोटी भाषा आहे, प्रत्येक सॅम्पलला काय करायचं ते तिथल्या तिथे लिहायचं आणि लगेच ऐकायचं. गणपतीच्या आधी हात शिवशिवले तर तिथे लिहा, रीपर सोडावं लागणार नाही.

काळी_चार

डाव्या बाजूचं मी सांगतो, हा रोजचा विषय आहे. मोबाईलचा स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही वाजवत नाही, मग तू बेस कितीही वाढव, मोबाईल तो खातो आणि बाकीचं गाणं फाटतं. उलटं करायचं. डाव्या बाजूचा वेगळा ट्रॅक असेल तर उत्तम, नसेल तर त्याच ट्रॅकची एक कॉपी कर, कॉपीतून २५० हर्ट्झच्या वरचं सगळं काप म्हणजे फक्त घूं उरेल, त्यावर सॅच्युरेशन किंवा हलकं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम जरा फाडणारे इफेक्ट) लाव. त्याने त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट पटीतले सूर तयार होतात, ते मोबाईल वाजवू शकतो, आणि वरचे सूर पटीत ऐकू आले की खालचा मूळ सूर कान स्वतःच भरून घेतो, प्रत्यक्षात तो वाजत नसला तरी. ही कॉपी मूळ ट्रॅकखाली अगदी थोडी मिसळ. जास्त झाली तर भुंगा ऐकू येतो.

मिक्स करताना दर थोड्या वेळाने फाइल काढून भावाच्याच मोबाईलवर वाजवून बघ, अंगणात ठेवून, पाच-सात पावलं लांब उभी राहून. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणजे जशी काढली तशी जाते. प्रत्येक गाण्याची एक प्रत गाणाऱ्यांशिवाय काढ, फक्त ढोलकी, मृदंग, झांज आणि पेटी. मुंबईत पोरं खोलीवर सराव करतात तेव्हा त्यांना स्वतः गायचं असतं, तीच प्रत सगळ्यात जास्त वाजणार आहे.